कुणाचाच नसलेला नंबर

हजेरीच्या डेटाबेसला तिने नवा रिपोर्ट जोडला. चौकटीत नंबर टाकला, की त्या माणसाची आजची नोंद यायची.

"९९९९ टाकून बघ," समोरच्या टेबलावरून साहेब म्हणाले. "तो नंबर कुणालाच दिलेला नाही. रिपोर्ट रिकामा आला, की गंगेत घोडं न्हालं."

तिने टाकला. एक ओळ आली: सकाळी नऊ बारा, हीच खोली, अजून आत.

नऊ बाराला तर तीच आली होती.

तिने स्वतःचा नंबर टाकला. रिपोर्ट रिकामा.

"साहेब, जरा बघता का?"

साहेब डबा घेऊन उठले. जेवायला शेवटी निघेल त्याने दिवे मालवायचे, ही तिथली शिस्त. दारात थांबून त्यांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, तिच्याही, आणि दिवे मालवले.