पंचेचाळीस वॅट

सरका जरा जवळ, मायबापहो. गोष्ट लहान आहे, पण दुरून ऐकण्यासारखी नाही.

राजदीप लाईनमनच्या पापण्या चालता चालताच मिटत होत्या. रात्रीच्या अवकाळी वादळाने कुरखेड्याकडच्या रानात झाडं तारांवर आडवी केली होती. ती तोडून, तारा ताणून, त्याने पहाटे कशीबशी तीनपैकी एका फेजची लाईन चालू केली. आता ऊन वर आलं होतं आणि गुणवंतरावांच्या पाण्याच्या मोटारीची तक्रार तेवढी उरली होती. ती मिटली की घर. आंघोळ नको, जेवण नको. नुसती एक सतरंजी मिळावी, बस्स.

गुणवंतरावांच्या मक्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पोचला, तर पलीकडे जंगलाच्या कडेला टिनाचे डबे वाजत होते. काठ्या-कुऱ्हाडी घेऊन सारं गाव उतरलं होतं. गावातला जंगू अंधारातच मोहफुलं वेचायला निघाला होता, तो परतला नव्हता. आणि मोहाखाली वाकलेला माणूस परतला नाही, की या मुलखात दुसरं नाव कोणाच्या तोंडी येतच नाही. वाघ.

जंगूची बायको मंगली मोटारीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती. बायांनी तिला तिथंच थांबवलं होतं, तिकडचं काही तिच्या नजरेस पडू नये म्हणून. मांडीवर रिकामी टोपली. डबा वाजला की ती मान वर करायची, आणि पुन्हा खाली घालायची.

ओरडून ओरडून घसा बसलेले गुणवंतराव जंगलाकडून आले. "ये गा राजदीप. मोटर पाह्य एकडाव. मी पोरायच्या संग जातो. हा वाघ आता माणसाले चटावला."

"कोनं पाह्यला का भाऊ वाघ?"

"वाघ का आधार कार्ड दाखवून जाते का गा?"

राजदीपला हसण्याचंही त्राण नव्हतं. तो आत शिरला; गुणवंतराव दारातच थांबले. मोटार बंद होती. एकाच फेजवर ती चालणार तरी कशी? बाकीच्या दोन फेज दुपारपर्यंत येतील, एवढं सांगितलं की काम संपलं. सवयीने त्याने मीटर लावून पाहिलं. व्होल्ट सव्वादोनशे. ठीक. तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा टाँग टेस्टर लावला. मोटार बंद, म्हणजे करंट शून्य हवा. आकडा आला पॉइंट दोन.

"भाऊ, काही चालू हाये का इथी?"

"तो वरचा बल्ब असन."

बल्ब विझलेला होता. आणि तो नऊ वॅटचा. राजदीपने पेंगतच गुणाकार केला. व्होल्ट गुणिले अँपिअर. पंचेचाळीस वॅट. वादळात भिंत भिजली असेल, थोडा करंट मुरत असेल. जाऊ दे झालं. त्याने पिशवीची चेन ओढली.

पण शिकवलेलं अंगातून जात नाही, मायबापहो. पॉवर काढली की रोधही काढायचा, असं ट्रेनिंगच्या गुरुजींनी घोटून घेतलं होतं. व्होल्ट भागिले अँपिअर. सव्वाअकराशे ओहम.

मोटारीचा रोध एवढा कधी नसतो. मग हा आकडा आपण कुठं पाहिला? त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे झोप आली नाही, फळा आला. फळ्यावर खडूने काढलेला, ओल्या जमिनीवर उभा असलेला एक माणूस. त्याच्या छातीवर लिहिलेलं होतं: माणसाचा रोध, अंदाजे हजार ओहम.

राजदीपची झोप उडाली. बोर्डाखालून एक बारीक तार निघाली होती. भिंतीच्या भोकातून ती बाहेर मक्याकडे गेली होती. रानडुकरांसाठी अशी करंटची तार संध्याकाळी लावतात, पहाट होताच काढतात. गावात हे सर्वांना ठाऊक असतं, आणि कोणी बोलत नाही.

"भाऊ, तार काढली का सकाळी?"

गुणवंतरावांच्या हातातली काठी खाली आली. "राती लाईन गेलती न गा... मले वाटलं, तारेत जीवच नाई. काऊन काढू?" मग त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "लाईन कवा आली?"

"पहाटे," राजदीप म्हणाला. लाईन त्यानेच आणली होती. गावाला उजेड मिळावा म्हणून, हाताला फोड येईस्तोवर तारा ताणून. आणि जंगूनेही तोच हिशोब केला असणार: वादळात लाईन गेली, आज मक्यातून आडवं जाऊ, मोहाचं झाड जवळ पडते.

त्याने फ्यूज उपसला. टेस्टरवर शून्य आलं.

"भाऊ, वाघाले शोधू नोका आता," तो म्हणाला. "तार कुठी गेली, तिकडं चला."

  पलीकडे डबे वाजतच होते. उंबऱ्याशी बसलेल्या मंगलीने सारं ऐकलं होतं.  गुणवंतरावांकडे तिने पाहिलंही नाही. टोपली बाजूला ठेवून ती उभी राहिली आणि राजदीपला म्हणाली,

"लाईन बंद केली न भाऊ?"

"हो बाई."

"मंग आता त्यायले करंट लागत नसन न?"

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा स्वतःसाठी काही मागण्याआधी मंगलीबाईची आठवण करा.