कुपवाडचा पडदा

कुपवाडच्या नव्या कारखान्यातली यंत्रं कंटेनरमध्ये चढताना दिसली, तसा सुधाकर जामदाडे धावतच नीलोफर मुजावरांपाशी गेला. परदेशी कंपनीच्या इथल्या कारभाराच्या प्रमुख त्याच होत्या.

“मॅडम, एक तरी पडदा ठेवून जा. माझ्या बहिणीच्या छातीत तुमचंच कृत्रिम फुप्फुस आहे. या आठवड्यात त्यातला हवा गाळणारा पडदा बदलायचाय.”

“सगळे परत मागवलेत,” त्या म्हणाल्या. “आमचा शिक्का मारलेले नकली पडदे बाजारात आले, माणसं दगावली. आता इथं कारखाना चालवून ही विद्या शिकवायला कंपनी तयार नाही.”

“नकली पडदे मीच बनवले. लिहून देतो. मला तुरुंगात घाला, पण कारखाना नेऊ नका.”

नीलोफर म्हणाल्या, “हे सहा महिन्यांपूर्वी बोलला असतात, तर मी कंपनीशी भांडले असते. आता पोलिसांना सांगा.”

घरी मंदाताई उशीला टेकून धापा टाकत होती. कारखाना गेल्याचं ऐकून ती म्हणाली, “मग तू बनवतोस तो बसव की. एवढे लोक नेतात.”

सुधाकरनं मान हलवली. “तो नको, ताई. तीन आठवड्यांत फाटतो.”

ताईनं कसाबसा श्वास घेतला. “हे त्या लोकांना सांगितलंस?”

सुधाकरनं या महिन्यातल्या पहिल्या गिऱ्हाईकाला फोन लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, “ते गेले हो, सोमवारी.”

त्यानं दुसरा नंबर लावला.