एका हाताचा चहा

इत्सुएने रेशमी रुमालाची घडी मांडीवरच, एकट्या डाव्या हाताने घातली, तेव्हा कायानोबाईंच्या लक्षात आलं, की हिचा उजवा हात मघापासून गुडघ्यावर नुसता पडून आहे.

दुखावला असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग इत्सुएने हंडीचं झाकण डाव्या हाताने काढलं, पळी डाव्या हातात घेतली आणि पळीभर कढत पाणी वाडग्यात सोडलं. चटईवर थेंबही पडला नाही. इतकी सफाई एका दिवसात येत नाही. बाईंनी मान फिरवली आणि खिडकीच्या कागदावरच्या उजेडाकडे बघत राहिल्या.

चहाचा विधी शिकवण्यात बाईंचा जन्म गेला होता. मात्सुए शहरातल्या अर्ध्या बायका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. गेल्या शरदात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा परत आली, काठीच्या आधाराने चालणंही आलं. उजवा हात तेवढा आला नाही. त्यांनी वर्ग बंद केला. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, समोरच्याला मान द्यायचा तर दोन हातांनी. अर्धा मान देण्यापेक्षा न दिलेला बरा. आज इत्सुएने आपल्या घरी चहाला बोलावलं, तरी त्या येणार नव्हत्या. पण त्यांचे सगळ्यात जुने शिष्य सेनझाकी, निवृत्त दातांचे डॉक्टर, दारात गाडी लावून बसून राहिले. एकट्याने पाहुणा म्हणून बसायची आपल्याला लाज वाटते, म्हणाले. तेव्हा कुठे बाई निघाल्या. आता त्या बुटक्या पाटावर बसल्या होत्या आणि शेजारी सेनझाकी.

इत्सुएला हे सगळं करायचं कारण होतं. काही वर्षांपूर्वी तिचा नवरा जवळच्या शिंजी तळ्यात शिंपल्या काढायला गेला तो परत आला नाही. त्या हिवाळ्यात ती वर्गात येऊन कोपऱ्यात बसायची. शिकायची नाही, बोलायची नाही. बाईंनी तिला काही विचारलं नाही. तिच्यापुढे चहाचा वाडगा ठेवायच्या आणि बाकीच्यांकडे वळायच्या. बर्फ वितळायला लागल्यावर एके दिवशी तिने आपणहून पळी उचलली, तेव्हाही बाई एवढंच म्हणाल्या होत्या, की पळी जरा वर धर. त्या हिवाळ्याबद्दल दोघी पुढे कधी बोलल्या नाहीत.

धुतलेला वाडगा पुसायची वेळ आली आणि इत्सुए अडकली. एक हात वाडगा धरणार की फडकं फिरवणार? तिने वाडगा चटईवर ठेवून पुसायला घेतला. तो गरगर फिरला आणि कलंडला. तिने सावरला, पुन्हा पुसायला गेली, पुन्हा फिरला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सेनझाकी खाली चटईकडे बघू लागले. हंडीतलं आधण तेवढं ऐकू येत होतं.

"मांडीत घे," कायानोबाई म्हणाल्या.

इत्सुएने वर पाहिलं.

"वाडगा मांडीत घे. दोन्ही गुडघ्यांत धर, घट्ट नको. फडकं आत सोड आणि अंगठ्याने फिरव. बोटं बाहेरून राहू देत."

इत्सुएने तसं केलं. वाडगा हलला नाही. फडकं काठावरून सरळ फिरलं, आत उतरलं, तळाशी येऊन थांबलं. कुठल्याही गुरूने हे तिला शिकवलं नसतं. चहाच्या खोलीत वाडगा मांडीत घेणं म्हणजे बेअदबीच. मग बाईंना हे कुठून ठाऊक, ते कळायला तिला एक क्षण लागला.

"बाई, तुम्ही घरी करून बघता?"

"सकाळी, स्वयंपाकघरात. सून बाजारात गेली की," त्या म्हणाल्या. "वाडगे फुटले बरेच. ती मांजराला बोल लावते."

सेनझाकींना हसू आवरेना. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं, पण ते काही साधलं नाही.

पुढचं मग सुरळीत झालं. इत्सुएने वाडग्याखाली ओल्या फडक्याची घडी सारली, चहाची हिरवी पूड घातली, पाणी ओतलं आणि बांबूची रवी सावकाश फिरवत राहिली. बाई दोनदा बोलल्या. एकदा म्हणाल्या घाई करू नकोस, आणि एकदा, खांदा सैल सोड. आवाज वर्गातला होता. चहा दाट झाला, मधासारखा. इत्सुएने वाडगा बाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो डाव्या तळव्यावर घेतला. जड होता आणि गरम. ओठांशी न्यायचा तर बाजूने दुसऱ्या हाताचा आधार लागतो. वाडगा थरथरू लागला, तसं सेनझाकींनी जरा पुढे सरकून आपला उजवा हात त्याला लावला.

"जन्मभर लोकांच्या तोंडाशी हात नेलाय," ते हळूच म्हणाले. "हलायचा नाही."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. चहा प्यायल्या. थांबल्या, पुन्हा प्यायल्या. मग वाडगा मांडीत घेऊन काठ पुसला आणि रिवाजाप्रमाणे उरलेला चहा त्याच वाडग्यातून सेनझाकींना दिला.

"मंगळवारी वर्गाला याल, तेव्हा हा हात बरोबर आणा," त्या म्हणाल्या.

सेनझाकी वाडग्यात तोंड घालून बराच वेळ पीत राहिले. इत्सुए पलीकडे बसली होती. तिचा उजवा हात अजून गुडघ्यावरच होता, उचलायचं तिला सुचलं नव्हतं. बाई पाटावरून खाली उतरल्या. त्यांना उतरायला वेळ लागला आणि कुणी मदत केली नाही. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात उचलला, चटईवर नीट ठेवला, त्याची बोटं एकेक करून सरळ केली. मग डावा त्याच्या शेजारी टेकवला आणि कपाळ चटईला लागेपर्यंत त्या इत्सुएपुढे वाकल्या.