तळ्यात मळ्यात

"भैय्या, तुम्हाला 'तळ्यात मळ्यात' म्हणता येतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि मी काय घाबरते होय! अहमदपूरच्या स्टँडसमोर, भर गर्दीत विचारलं. पाणीपुरीवाले बिहारचे. ते म्हणाले, "तल्यात मल्यात." आम्ही पोट धरून हसलो. "अजून एकदा, अजून एकदा!" असं करत सहा वेळा म्हणायला लावलं. तेही हसले, वर मला एक पुरी जास्त दिली. पहिल्यांदाच अख्ख्या ग्रुपनं मला टाळ्या दिल्या. लई भारी वाटलं.

घरी येऊन मी त्यांची नक्कल करून दाखवली. आई-पप्पांची हसून हसून पुरेवाट झाली. तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन आला. तिथल्या कॉलेजात जाऊन त्याला चारच महिने झालेत. पप्पांनी स्पीकर लावला.

"जेवलास का रं?"

"हाव. पन मेसमधी पानी मागत न्हाई आता. बाटली संगं नेतो."

"का रं?"

"मी 'पानी' म्हनलं की पोरं म्हनतात, परत म्हन, परत म्हन. रोजचंच हाय. मी बी हसून घेतो."

पप्पांनी फोन ठेवला. मग मी सांगून टाकलं, "उद्या मी सगळ्या ग्रुपसमोर त्या पाणीपुरीवाल्या काकांची माफी मागणार हाय."

"कशाला गं?" आई म्हणाली. "ते तर हसले म्हणालीस की."

"दादा बी हसतोच की, आई."