ऐकू आलं तरच नोंदवा

माझी बायको गौरजा कट्टा गावाजवळच्या अपघातात गेल्याचा फोन आला, तेव्हा जामसंड्यातल्या आमच्या घरात तिचा लॅपटॉप चालूच होता.

आम्ही नवरा-बायको घरून एकच काम करायचो. सॉफ्टवेअरच्या चाचण्या नोंदवणाऱ्या एआयला कुठलं टूल कधी वापरायचं, ते सोप्या शब्दांत लिहून द्यायचं, म्हणजे त्या टूलचं वर्णन. त्या दिवशी तिची आवाजाची चाचणी चालू होती. एआय विचारतो, "ऐकू येतंय का?" उत्तर ऐकू आलं तरच नोंद करायची.

तेराव्यानंतर पाहिलं, तर रोज नवी नोंद होती: उत्तर मिळालं.

वर्णन ढिलं राहिलं असेल, असं मला वाटलं. मी लिहिलं, वारा आणि झावळांचा आवाज धरू नये. नोंद झालीच. मग लिहिलं, फक्त माणसाचा आवाज धरावा. पुन्हा झाली. काशिनाथचा, म्हणजे माझा, आवाज धरू नये. तरी झाली.

"बायल गेली नि हो कंप्युटराक चिकटान बसलो," शेजारची प्रेमलता खिडकीतून म्हणाली. "बंद कर रे ता!"

मी एक ओळ वाढवली: उत्तरातले शब्दही लिहावेत.

संध्याकाळी शब्द आले. "अवो, खंय आसात? माका हयसून भायर काढा."

घरात मी एकटाच होतो, आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

चाचणी थांबवण्याचं टूल आहे, पण वर्णन नसलं की एआय त्याला हात लावत नाही. ते वर्णन गौरजा कट्ट्याहून आल्यावर लिहिणार होती. मलाही ते लिहिता येईल, पण मी अजून लिहिलेलं नाही.