मेरेडिनचा गहू

अठ्ठेचाळीस तासांत गेम बनवायच्या स्पर्धेसाठी लॅकलनने स्क्रीनवर मेरेडिन गावातल्या त्यांच्या शेतावरचं गव्हाचं उंच कोठार रचलं. प्रत्येक टिचकीसरशी तळाचं दार उघडून गहू ट्रकमध्ये पडे. जितका गहू ट्रकमध्ये जाई, तितकं दार मोठं होई. दाणे खऱ्यासारखे घसरत. बहीण टेगन खेळून बघत होती. “अरे, वर टोपीवाला माणूस कशाला? बुडतोय!” तिचं बोट थांबलं. “बाबा?” तीन वर्षांपूर्वी ते असेच गव्हात गाडले गेले. सगळे म्हणत, कोठाराचं दार उघडणारं यंत्र आपोआप सुरू झालं. “ते कोठारात वर असले की त्यांचा कुत्रा शिडीखाली बसायचा,” लॅकलन पुटपुटला. “त्या दिवशी नव्हता. मला वाटलं, उतरले. मी बटण दाबलं.” “आईला सांगितलंस?” “तोंडाने जमेना गं. म्हणून तिला हे पाठवलं.” “तिच्याच बोटाने बाबांना गाडणार? मूर्खा, काढून टाक!” तो उठेपर्यंत स्वयंपाकघरातून आई हसत ओरडली, “लॅकी, काय सरसर उतरतोय रे गहू!”