निम्म्याहून जास्त

देवी टोचणाऱ्या नथ्थूच्या सरकारी सायकलीला शेवटी नवं चाक मिळालं. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरू. सन चोपन्नचा मार्च आहे, धानोऱ्यात बिरजूच्या दुकानापुढं सायकल उलटी ठेवली आहे आणि मागच्या चाकाच्या चाळीस स्पोकांपैकी एकोणीस तुटलेले आहेत.

"जुने स्पोक हायेत मायापाशी. आज बसवतो, उद्या सकारी निंघा," बिरजू म्हणाला.

निघायला तर हवंच होतं. बावीस मैलांवरच्या कोसमटोल्यात देवीची साथ शिरली होती, आणि पायी नेली तर लस वाटेतच उन्हानं नासते. पण याच चाकानं तीनदा दुरुस्त होऊन तीनदा नथ्थूला रानात आपटलं होतं. शिवाय कचेरीचा नियम त्याला पाठ होता : निम्म्याहून जास्त स्पोक तुटले, तर चाक नवीन.

त्यानं पक्कड मागून घेतली आणि विसावा स्पोक कटकन तोडला.

"नथ्थूभाऊ, हे काय करून राह्यले?"

"सरकारी चाक हाय. मंजुरीबिगर दुरुस्त करता येत नाई."

"अन् मोडता येते?"

"मोडाले मंजुरी लागते असं कुठी लिवलं नाई."

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : वीस म्हणजे निम्मे, निम्म्याहून जास्त नव्हेत. नथ्थूला ते पटलं. हिशेबात कचेरीची चूक नव्हती. त्यानं एकविसावा तोडला.

चाक मेअखेर आलं. कोसमटोल्यापर्यंत ते कुठं कुरकुरलंसुद्धा नाही.

गावात टोचायला फारसं कोणी उरलं नव्हतं. सुकरी दारातून उठून आली आणि चकचकीत चाकावरून तिनं हात फिरवला. तिचा कोलू तेरा दिवसांपूर्वी देवीनं गेला होता.

"अर्ज केला का भेटते म्हणे," ती म्हणाली. "माया कोलूसाठी बी लिवून द्या ना, बाबू."

नथ्थूनं सीटवर कागद ठेवला. अर्जाचा त्याला एकच नमुना येत होता.

'अर्जदार सुकरी, राहणार कोसमटोला. अर्जदाराचा मुलगा कोलू, वय वर्षे चार, हा दुरुस्तीपलीकडे गेला आहे. नवीन नको. जुनाच, असेल त्या स्थितीत, परत मिळावा, ही नम्र विनंती.'